नाव किसनकाकांचं, भांडी आईची

आमच्या घरातल्या एकाही ताटावर आमचं नाव नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं ते कॉलेजात गेल्यावर, आणि तेही ती ताटं कुलपाआड गेल्यावर. तोवर मी रोज त्यांतच जेवत होते, रोज ती घासत होते, पण ज्या अक्षरांवरून हात रोज फिरतो ती अक्षरं आपण वाचतोच असं नाही. ताट, वाटी, पेला, परात, पाणी तापवायचं पातेलं, डब्यांची झाकणं, सगळ्यांवर बारीक ठिपक्याठिपक्यांनी एकच नाव कोरलेलं होतं : किसनराव कदम.

किसनकाका माझ्या वडिलांचे धाकटे चुलतभाऊ. सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत आमचं एकच घर होतं, एकच दार आणि एकच विजेचं मीटर. खाली काका, वर आम्ही. काकांचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसायचा. त्याच्या छिन्नीची टिकटिक सकाळपासून चालू असायची. तिच्यामागून बसचे हॉर्न, फेरीवाल्यांच्या हाका, समोरच्या पुस्तकवाल्याचा रेडिओ. काकांचा हात मोठा सढळ. मराठवाड्यातून हैदराबादेत येऊन राहिलेल्या आमच्या लोकांत लग्न असो, मुंज असो, बारसं असो, काकांकडून भांडं आलं नाही असं घर नसेल. आणि रिवाजाप्रमाणे त्यावर देणाऱ्याचं, म्हणजे काकांचं नाव. कुणाकडे जेवायला बसले की वाढण्याआधी ते ताट जरा तिरपं करून बघायचे. नाव सापडलं की चेहरा असा फुलायचा, की वाढणाऱ्या बाईला आपसूक एक पोळी जास्त वाढावीशी वाटायची.

काकू फार लवकर गेल्या, त्यामुळे काका दोन्ही वेळा वरच जेवत. आईनं डबे द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनीच दुकानातून हातगाडी भरून भांडी पाठवली. आईनं पैशाचं विचारलं तर म्हणाले, "वहिनी, मी रोज जेवतो त्याचे पैसे तुम्ही घेता का?" विषय तिथेच संपला.

आईच्या डब्यांची कीर्ती हिमायतनगरपर्यंत होती, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. सकाळी अंधारातच तिची भाकरी थापायची थपथप सुरू व्हायची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एक पालेभाजी, आणि वरण. हे वरण ना धड मराठी ना धड तेलुगू. चिंच घालून आंबट केलेलं, वरून लसूण, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची फोडणी. पुण्या-मुंबईहून संगणकाच्या नोकऱ्यांसाठी आलेली मुलं पहिल्या दिवशी नाकं मुरडायची आणि आठवड्याभरात वरणाचा डबा मोठा मागायची. डबे पोचवायला गफूरभाईंची ऑटो. ते खालूनच ओरडायचे, "भाभी, जल्दी करो, बच्चे भूके मर रैं!" आणि आई वरून म्हणायची, "हौ हौ, मरू देत नाही कुणाला." बाबा कापडाच्या दुकानात कापड मोजून फाडायचे. ते मितभाषी होते. घर डब्यांवर चालत होतं, आणि विद्यानगरजवळच्या कॉलेजातली माझी फीसुद्धा.

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्याचा एक परिणाम असा झाला, की घरात, गल्लीत, नात्यात इंग्रजीत काहीही आलं की ते माझ्यासमोर ठेवलं जाई. औषधाची चिठ्ठी, टेलिफोन खात्याचा कागद, एकदा तर शिवणयंत्राची माहितीपुस्तिका. मी वनस्पतिशास्त्र शिकत होते. पानांच्या शिरा आणि मुळांचे प्रकार यांपलीकडे मला काही येत नव्हतं, पण हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. "कॉलेजात जाते म्हणजे सगळं येतंच की," असं आई शेजारणींना सांगायची. मी मान खाली घालून शब्दकोश उघडायची.

त्या काळात सगळीकडे एक नवं वारं होतं. दुकानांत परदेशी वस्तू दिसू लागल्या होत्या, आणि ज्यांनी आयुष्यात पितळ आणि स्टील सोडून कशाला हात लावला नव्हता असे लोक शेअरांच्या गोष्टी करू लागले होते. काकाही त्यात पडले. एक वर्ष त्यांना भरभरून मिळालं. त्यांनी नवं कपाट घेतलं, रंगीत टीव्ही आणला, आणि त्या मिळकतीवरचा कर भरायचा मात्र राहिला. पुढच्या वर्षी जे आलं होतं ते सगळं गेलं, वर दुकानातलंही थोडं गेलं. पण कर गेलेल्या पैशाचा नसतो, आलेल्या पैशाचा असतो. हे काकांना कुणी समजावलं नाही, किंवा समजावलं असेल तर त्यांनी ऐकलं नाही. नोटिसा आल्या. त्या त्यांनी मला दाखवल्या नाहीत, एवढंच मला आजही लागतं. शिवणयंत्राचा कागद दाखवणारे लोक होते, आणि काका मात्र नोटिसा गादीखाली ठेवत गेले.

ज्या दिवशी आयकराच्या वसुलीची माणसं आली, त्या दिवशी मी घरीच होते. आधी त्यांनी दुकानाला टाळं लावलं, मग ते काकांच्या खोल्यांत आले. नवं कपाट आणि रंगीत टीव्ही कधीच विकले गेले होते. एक लोखंडी खाट, एक देव्हारा, दोन खुर्च्या. त्यांच्यातला इन्स्पेक्टर तरुण होता, वाईट नव्हता, पण बोलायला फटकळ. तो चारी बाजूंनी पाहत म्हणाला, "क्या सेठ, इतनी बड़ी दुकान, और घर में कुछ भी नहीं?"

दारात गल्लीतली निम्मी माणसं उभी होती. काकांचा चेहरा मी जिन्यावरून पाहत होते. दुकान गेलं तेव्हा तो पडला नव्हता, या वाक्यानं पडला. ते ताठ झाले आणि म्हणाले, "कुछ नहीं? ऊपर जाके देखो साब. एक एक चमचे पे मेरा नाम है. सब मेरा दिया हुआ है, सब मेरा है."

आई वरून "अहो भाऊजी!" म्हणून ओरडली, पण इन्स्पेक्टर तोवर जिना चढू लागला होता. त्याला खरोखर प्रत्येक चमच्यावर नाव सापडलं. त्यानं काकांचं बोलणं लिहून घेतलं, त्यांची सही घेतली, दोन पंच बोलावले, आणि आईची सगळी भांडी आमच्याच मागच्या खोलीत रचून दाराला लाखेचं सील लावलं. चुलीवरचं वरण त्यानं आईला एका प्लास्टिकच्या बादलीत ओतून घ्यायला सांगितलं. "सॉरी अम्मा," तो म्हणाला. आईनं बादलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बादलीत वरण! आता म्हशीसारखं खायचं का?"

खाली गफूरभाई हॉर्न वाजवत होते.

त्या दिवशी डबे कसे गेले ते आठवलं, की मला आजही हसू येतं. शेजारच्या सरोजम्मा धावत आल्या, हातात दोन पातेली. "तीस्को, तीस्को," घे घे म्हणत त्यांनी ती ओट्यावर आदळली. मागून त्यांच्या जावेचे डबे आले, पुस्तकवाल्याच्या घरून थाळ्या आल्या. गफूरभाईंच्या बायकोनं एक मोठी देगची पाठवली, आणि सोबत निरोप, "भाभी से बोलना, इसमें गोश्त कभी नहीं पका, बस शीर खुर्मा बनता." आईनं क्षणभर देगचीकडे पाहिलं. मग म्हणाली, "घासलं की भांडं ते भांडं," आणि तिच्यात भात टाकला. पुढचे काही आठवडे आमचं स्वयंपाकघर म्हणजे गल्लीची जत्राच होती. कुणाच्या डब्याला कुणाचं झाकण बसेना. हिमायतनगरच्या मुलांना रोज वेगळ्या रंगाचा डबा मिळायचा, आणि त्यांना वाटायचं, काकूंचा धंदा वाढला.

पण हे फार दिवस चालणार नव्हतं, आणि ते आई जाणून होती. सरोजम्मांच्या घरी लग्न ठरलं होतं, त्यांना त्यांची भांडी लागणार होती. नवी भांडी घ्यायला पैसे नव्हते. बाबा एकदाच म्हणाले, "डबे बंद झाले तर हिचं कॉलेज...", आणि वाक्य तिथेच सोडून बाहेर गेले. काका तर त्या दिवसापासून वर आलेच नव्हते. आई ताट वाढून माझ्या हाती खाली पाठवायची, आणि पुष्कळदा ते तसंच परत यायचं.

एका संध्याकाळी मी सरोजम्मांच्या ताटात जेवत होते. त्यावर तेलुगूत 'लक्ष्मय्या' असं कोरलेलं होतं. मी तेलुगू शाळेत शिकले होते, म्हणून सहज वाचलं, आणि सरोजम्मांना सहज विचारलं, "हे लक्ष्मय्या कोण? तुमचे सासरे का?"

"छे! माझे मामा. लग्नात दिलं होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे ताट त्यांचं?"

"त्यांचं कसं? माझं! वेडी का तू?"

मी घास तसाच ठेवून उठले. ओट्यावरच्या एकेका भांड्यावरचं नाव वाचत सुटले. सरोजम्मा सांगत गेल्या, एकावर कुणाची आत्या, एकावर कुणाचा साडू, आणि देगचीवर उर्दूत, गफूरभाईंनी मागे सांगितलं होतं ते, त्यांच्या सासऱ्यांचं नाव. एकाही भांड्यावर त्याच्या मालकाचं नाव नव्हतं. आई म्हणाली, "अगं, हात खरकटा घेऊन काय फिरतेस?" पण मला हातापेक्षा मोठं काहीतरी सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कायद्याच्या पुस्तकांकडे गेले. त्या कपाटांकडे जायची मला भीती वाटायची. आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो असं वाटायचं. तिथे मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, जप्त झालेली वस्तू थकबाकीदाराची नसून आपली आहे, असं कुणालाही त्या अधिकाऱ्यापुढे सांगता येतं, आणि त्यानं ते ऐकून घ्यायचंच असतं. दुसरी, घरच्या स्वयंपाकाची भांडी मुळात जप्तच करता येत नाहीत. मी आनंदानं जवळजवळ पळत घरी आले. अर्ज मी हातानं लिहिला, आणि आमच्याकडे डबा घेणाऱ्या एका पुण्याच्या मुलानं तो त्याच्या ऑफिसातल्या संगणकावर इतका सुंदर छापून आणला, की सही करायला आई पेनच टेकवेना. "चांगला कागद खराब होईल," ती म्हणाली.

सुनावणीचं बोलावणं आलं. आता एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे काका. त्यांनी सही करून सांगितलं होतं की सगळं माझं आहे. ते त्यांनीच मागे घ्यायला हवं होतं.

मी खाली गेले. ते खाटेवर बसले होते.

"काका, उद्या तुम्ही येणार ना?"

"येऊन काय सांगू? चार लोकांत बढाई मारली म्हणून?"

मला मोठ्या माणसांशी असं बोलायची सवय नव्हती. पण दुसरं उत्तरही नव्हतं. मी म्हणाले, "हौ."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाटेवरची चादर सारखी करू लागले. मी वर आले आणि आईला म्हणाले, "माहीत नाही."

सकाळी गफूरभाईंच्या ऑटोत आई आणि मी मागे बसलो, तर काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि पुढे गफूरभाईंच्या शेजारी अर्धे बसले. वाटेत एकदाही हॉर्न वाजला नाही. आणि चालवत होते गफूरभाई, म्हणजे बघा.

अधिकारी वयस्क, तेलुगू, चष्मा नाकाच्या टोकावर. तो तरुण इन्स्पेक्टर बाजूला बसला होता. मी उभी राहून बोलायला लागले. रात्रभर पाठ केलेली इंग्रजी वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. शेवटी मी आमच्या रोजच्या हिंदीत एवढंच म्हणाले, की घरच्या स्वयंपाकाची भांडी जप्त करता येत नाहीत.

साहेब म्हणाले, "घर में कितने लोग हैं, अम्मा?"

"आम्ही तीन. काका धरून चार," आईऐवजी मीच म्हणाले.

"चार लोगों के लिए इतनी बड़ी कढ़ाई?" त्यांनी पंचनाम्यावर बोट ठेवलं. "ये तो धंधे का सामान हुआ."

इन्स्पेक्टर हसला. माझा एक मुद्दा गेला होता, आता दुसऱ्यावर उभं राहायचं होतं. माझी अवस्था पाहून साहेबांनीच शिपायाला पाणी आणायला सांगितलं. स्टीलचा पेला समोर आला. मी तो तोंडाला लावणार, तोच कडेवरचं नाव दिसलं. तेलुगूत. मी पाणी न पिताच विचारलं, "सर, नरसिंह राव कोण?"

"यहाँ थे. रिटायर होते समय सबके लिए गिलास दे गए. क्यों?"

मला वाटतं, आयुष्यात मी पुढे जे काही धीटपणे बोलले असेन, ते त्या एका क्षणावर उधार आहे. मी म्हणाले, "सर, त्यांचा कर थकला, तर तुमच्या ऑफिसातले पेले जप्त होतील का?"

साहेबांनी आपला पेला फिरवून पाहिला. मग साहेब हसले, आधी थोडंसं आणि मग चष्मा काढून. शिपाईही हसला. इन्स्पेक्टरनं दुसरा पेला उचलून उगाच त्याच्यावरचं नाव वाचलं. मी घाईघाईनं सांगत गेले, आमच्यात, तुमच्यात, गफूरभाईंच्यात, सगळ्यांत भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं. गफूरभाई मागून म्हणाले, "साब, ये डब्बे मैं बरसों से ढो रा हूँ. भाभी के हैं. इनकी कड़ियाँ टूटीं तो मैंच जुड़वाके लाया, पैसे भाभी दिए. सेठ कबी नै दिए."

"भाई," साहेब म्हणाले, "मैं मान भी लूँ. पर सेठ ने खुद लिखके दिया है, सब मेरा है." ते काकांकडे वळले. "बोलिए. उस दिन सच बोले थे, या आज सच बोलेंगे? दोनों में से एक के लिए तो मैं आपको डाँटूँगा."

काका उभे राहिले. शर्टाची बाही उगाच नीट केली. मला वाटलं, आता ते पुन्हा ताठ होतील.

"साब," ते म्हणाले, "मैं सब के घर जाके थाली पे अपना नाम देखता था. अच्छा लगता था." ते थांबले, आणि मग मराठीतच बोलले, बहुधा आपण कुठे आहोत हे विसरून. "दिलं त्या दिवशी ते माझं राहिलं नाही. वहिनींनी डबे सुरू केले तेव्हा दिलं, शेअर-बिअरच्या कितीतरी आधी. त्यातलं काही माझं नाही. त्या दिवशी घर रिकामं दिसलं, लाज वाटली, म्हणून बोललो. डाँटिए साब."

साहेबांना मराठी किती कळलं माहीत नाही. आईनं पदर तोंडाला लावला होता. साहेबांनी पंचनामा पुढे ओढला. मग त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, "दुकान का मामला अलग है, वो चलेगा. बर्तन अम्मा के." आणि इन्स्पेक्टरला तेलुगूत काहीतरी सांगितलं, त्यातलं मला समजलं ते असं : पुढच्या वेळी नाव वाचण्याआधी बाईला विचार.

परतताना गफूरभाईंनी ऑटो एका इराणी हॉटेलापुढे थांबवली आणि सगळ्यांना चहा पाजला. आईनं आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर उभं राहून चहा घेतला आणि बिस्किट बुडवताना निम्मं चहात पडलं, त्यावर आम्ही इतके हसलो, की आतले लोक वळून बघू लागले.

हुकूम हातात आल्यावर त्याच इन्स्पेक्टरनं येऊन सील तोडलं. दार उघडलं, तर आतून कोंदट हिरवा वास आला. घाईत मोठ्या कढईत तसेच राहून गेलेले बटाटे अंधारात उगवले होते. लांब, पांढरे, दोऱ्यासारखे कोंब कढईच्या कडेवरून बाहेर येऊन दाराच्या फटीकडे वळले होते. उजेड नसला की कोंब असेच पांढरे आणि लांबुडके होतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मी ते सगळ्यांना समजावू लागले, तर आई म्हणाली, "हे बरं शिकवतात तुमच्या कॉलेजात," आणि इन्स्पेक्टर खरोखर लक्ष देऊन ऐकत होता.

काकांचं दुकान शेवटी हातचं गेलं. कर फेडायला त्यांना बरीच वर्षं लागली, ते सगळं सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. पण भांडी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला आता, इतक्या वर्षांनी, फार आठवते. आई ओट्यापाशी होती, मी कॉलेजला निघाले होते. जिन्यावर पावलं वाजली. काका वर आले आणि दारातच उभे राहिले, पाहुण्यासारखे.

"वहिनी, मला काही काम द्या."

आईनं वळूनही पाहिलं नाही. "मेथी पडलीय. निवडा."

ते पाटावर बसले, मोठी जुडी पुढे घेतली, आणि मन लावून निवडायला लागले. मी चपला घालता घालता पाहिलं, तर त्यांनी सगळी पानं टोपलीबाहेर टाकली होती आणि देठांची एक नीटस, सरळ रास परातीत रचली होती, दुकानातल्या चमच्यांसारखी. आईनं वळून पाहिलं. तिच्या हातातली भाकरी तव्यावर अर्धीच पडली.

"भाऊजी! देठं डब्यात घालू का पोरांच्या?"

काकांनी परातीकडे पाहिलं, मग बाहेर पडलेल्या पानांकडे. "चुकलं का?" ते म्हणाले. आणि आई हसायला लागली. कितीतरी दिवसांनी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, तव्यावरची भाकरी करपेपर्यंत. खालून गफूरभाई हॉर्न वाजवत होते, "भाभी, बच्चे भूके!" आणि आई पदरानं डोळे पुसत, पानं गोळा करत काकांना म्हणाली, "सरका जरा. आता बघा, असं धरायचं."